लिकर, लिक्यूर आणि 'पुदिन्याची साय'

केक-पुडिंगच्या पुस्तकाचं भाषांतर करतेय. 'लिक्यूर'ला कोशात 'मद्य' मिळालं, पण मग रम-ब्रँडीही मद्यच की! 'क्रेम द मांत' या पुदिन्याच्या लिक्यूरचं 'पुदिन्याची साय' केलं, तर संपादकांनी त्याला लाल रेघ मारली. काय लिहू?

---

रेघ योग्य आहे, ताई. त्यात दुधाचा थेंबही नसतो. 'क्रेम' हा शब्द तिथे साखरेच्या दाटपणासाठी येतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार लिक्यूरमध्ये साधारणपणे लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर लागते, 'क्रेम द' म्हणवायला २५०, आणि 'क्रेम द कॅसिस'ला तर ४००! (कॅसिसचे 'काळे मनुके' करू नका. ते ब्लॅककरंट, द्राक्षाशी संबंध नाही.)

दुकानाच्या पाटीवरचं 'लिकर' म्हणजे सरसकट दारू. लिक्यूर म्हणजे तयार मद्यात फळं, साली, बिया किंवा मुळ्या मुरवून, कधी पुन्हा ऊर्ध्वपातन करून, वर गोड केलेलं पेय. दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळाचे, म्हणून हा घोळ.

---

'आसव' चालेल का? द्राक्षासवासारखं?

---

नको. आसवात गूळ किंवा मध घालतात तो आंबण्यासाठी, धायटीच्या फुलांसोबत. लिक्यूरमधली साखर आंबत नाही, ती निव्वळ गोडीसाठी. मुरवण्यापुरतं पाहिलं तर गोव्याची दुक्शिरी जवळची, फेणीत अनंतमुळाच्या मुळ्या घातलेली. पण तिची ओळख गोडीची नाही, मुळीच्या वासाची.

---

नावांचीही गंमत आहे. इटालियन 'अमारो' म्हणजे कडू, त्याला '-एत्तो' हा लघुत्वाचा प्रत्यय लागून 'अमारेत्तो', म्हणजे आपलं 'कडूसं'. आणि पेय चांगलं गोडमिट्ट! वास बदामाचा, पण तो पुष्कळदा जर्दाळूच्या कोयीतल्या गराचा असतो. तेव्हा 'बदामी मद्य' लिहिताना जपून. माराश्किनो या चेरीच्या लिक्यूरमधली 'मारास्का' ही आंबट चेरीही त्याच 'कडू'ची नात. क्युरासाओ बेटाच्या नावाची लिक्यूर तिथल्या कडू संत्र्याच्या वाळलेल्या सालींची. निळी मिळते तिचा निळेपणा फक्त रंगाचा. जर्मन 'क्युमेल' म्हणजे शहाजिरे. मराठी माणसाला ते मसालेभाताचं वाटेल, पण तिकडे बाटलीत जातं.

---

सगळ्यांचे आभार. 'लिक्यूर'च ठेवते, पहिल्यांदा येईल तिथे 'स्वाद मुरवलेलं गोड मद्य' अशी तळटीप. 'पुदिन्याची साय' मात्र घरात रूढ झालीय, नवरा रोज फ्रीजमध्ये शोधतो.