उन्हाळ्यात गाईच्या दुधाचा पिवळेपणा उतरतो, तसे 'अ' जीवनसत्त्वही उतरते का?

गोठा_गुहागर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या गोठ्यात कोकण कपिला गाई आणि एक म्हैस आहे. पावसाळ्यात गाईच्या तुपाला चांगला पिवळा रंग असतो, पण पाडव्यानंतर, जेव्हा जनावरांपुढे भाताचा पेंढा आणि दिवाळीच्या सुमारास कापून ठेवलेले गवत एवढेच उरते, तेव्हा तो फिका पडतो. रतिबाच्या एका घरी लहान मूल आहे आणि त्यांनी विचारले की या दुधात जीवनसत्त्वे कमी झाली आहेत का. म्हशीचे दूध तर बारमाही पांढरे, मग त्यात 'अ' जीवनसत्त्व नसतेच काय? दूध तपासून घ्यायचे तर नेमके काय तपासायला सांगावे?

दुग्धरसायन_चिपळूण

पिवळा रंग हा 'अ' जीवनसत्त्वाचा नाही, तो हिरव्या चाऱ्यातून आलेल्या बीटा कॅरोटीनचा आहे. म्हशीच्या आतड्याच्या अस्तरात या कॅरोटीनचे जवळजवळ पूर्ण रूपांतर रेटिनॉलमध्ये, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वात होते आणि रेटिनॉलचा रंग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिचे दूध पांढरे, शेळीचेही तसेच. गाईत हे रूपांतर अपुरे होते व उरलेले कॅरोटीन रक्तावाटे दुधाच्या स्निग्धांशात उतरते. गाईसाठी १ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन म्हणजे ४०० आंतरराष्ट्रीय एकके 'अ' जीवनसत्त्व धरतात, तर उंदरासाठी हाच आकडा १६६७ च्या आसपास आहे. त्यामुळे पांढऱ्या दुधाला निकस म्हणणे म्हशीवर अन्यायच आहे.

आता उन्हाळ्याकडे येऊ. आपल्याकडचे गवत उभ्या-उभ्याच पिकते, मग कापून कडक उन्हात वाळते, आणि या दोन्हींत कॅरोटीनचा बराच नाश होतो. पेंढ्यात ते नावालाच असते. म्हणून रंग लगेच उतरतो. रेटिनॉल मात्र तितक्या झपाट्याने उतरत नाही, कारण जनावराच्या यकृतात पावसाळ्यातला साठा असतो आणि तोच दुधाला पुरवला जातो. नुसत्या दुधाचा अहवाल समाधानकारक आला तरी गाईची गंगाजळी आटत चाललेली असू शकते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

तपासणीला देताना रेटिनॉल आणि बीटा कॅरोटीन दोन्ही मागा. अल्कोहोलमधील पोटॅशने स्निग्धांशाचे साबणीकरण करतात, म्हणजे तो फोडून त्याचा साबण करतात, हेक्झेनसारख्या द्रावकात जीवनसत्त्व काढून घेतात आणि एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर रेटिनॉल ३२५ व कॅरोटीन ४५० नॅनोमीटरच्या आसपास मोजतात. आकडा दर लिटरला आणि दर ग्रॅम स्निग्धांशालाही मागून घ्या, नाहीतर म्हशीच्या दाट दुधाशी गाईच्या दुधाची तुलनाच होणार नाही. संकलन केंद्रावरील फॅट आणि एसएनएफच्या (स्निग्धांश सोडून उरलेल्या घन पदार्थांच्या) आकड्यांवरून यातले काहीच कळत नाही.

वाडी_देवगड

वरील उत्तराला वासराची बाजू जोडते. गर्भात असताना वासराला आईकडून 'अ' जीवनसत्त्व फारच थोडे मिळते. ते मिळते मुख्यतः चिकातून. उन्हाळ्यात विणाऱ्या गाभण गाईला शेवटचे दोन महिने तरी नेपिअर किंवा पॅरागवताचा थोडा का होईना हिरवा घास द्यावा आणि खरवसासाठी चीक काढण्याआधी वासराचे पोट भरू द्यावे.

'ब-१२' चे गणित निराळे आहे. ते कोटीपोटातील (गाईच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातील) जिवाणू कोबाल्टपासून तयार करतात, त्यामुळे तिथे हिरव्या चाऱ्यापेक्षा खनिज मिश्रण उपयोगी पडते.

गोठा_गुहागर

दोघांचेही मनापासून आभार. नमुना आत्ता घ्यावा की पाऊस स्थिरावल्यावर? आणि एसटीने चिपळूणपर्यंत पाठवला तर टिकेल का?

दुग्धरसायन_चिपळूण

शक्य असल्यास दोन्ही वेळी, त्याच गाईचा घ्या. मात्र वेताचा टप्पा बदलला की स्निग्धांशही बदलतो, म्हणून व्यायल्याची तारीख बाटलीवर लिहा आणि चिकाचे दिवस वगळा. पूर्ण धार काढून झाल्यावर सगळे दूध हलक्या हाताने ढवळा आणि मगच बाटली भरा, कारण ही जीवनसत्त्वे सायीबरोबर वर येतात आणि शेवटच्या धारांत स्निग्धांश सर्वांत जास्त असतो. रेटिनॉल व 'ब-२' दोन्ही प्रकाशाने नष्ट होतात, तेव्हा गडद रंगाच्या बाटलीला वरून ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळा, बर्फासह थर्माकोलच्या पेटीत ठेवा आणि पेटी त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचेल अशी सकाळची गाडी धरा.