कानात बड्स घालून काउंटरवर बोलावं का?

खडेबाजारवाला: आमचं कापडाचं दुकान आहे, म्हणून पोटतिडकीनं लिहितोय. समोर माणूस असला की बड्स, म्हणजे कानातले ते छोटे बिनतारी इअरफोन, काढून खिशात ठेवावेत. परवा एका ताईंनी साडीवर बोट ठेवून विचारलं, "निळी घेऊ का?" मी म्हटलं, "घ्या की, रंग पक्का आहे." तर म्हणाल्या, "तुम्हाला नाही विचारलं." फोनवर बहीण होती! केसांखाली कानात काय आहे ते मला कसं दिसणार?

वडगावकर: काका, तुमचा राग जुन्या हेडफोनवरचा आहे. आता ॲपलच्या एअरपॉड्स प्रो बड्समध्ये आपण तोंड उघडलं की गाणं आपोआप बारीक होतं आणि समोरच्याचा आवाज पुढं येतो. सोनीच्या हेडफोनात तर २०२० पासून, बोलायला लागलं की गाणं थांबायची सोय आहे. ऐकू येत असताना काढायचे कशाला? काढले की त्यातला एक हमखास हरवतो.

खडेबाजारवाला: तुला ऐकू येतं हे तुला ठाऊक. मला कुठं कळतं? आणि ते यंत्र जागं होतं तू बोललास की. आधी मी हाक मारली तर?

खानापूरची: ह्यात काकांचं बरोबर. सकाळच्या बेळगाव बसमध्ये कंडक्टर "टिकेट, टिकेट" करून दमतात आणि शेवटी खांद्याला हात लावतात. नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बड्समधली बाहेरचा गोंगाट कमी करायची सोय, बसच्या घरघरीसारखा एकसुरी आवाज चांगला कापतं, माणसाचं बोलणं तेवढं कापत नाही. गाणं बेतानं लावलं तर हाक ऐकू येतेच. उत्तर न देणं हा यंत्राचा दोष नव्हे.

निपाणीकर लेक: सरसकट "काढा" म्हणू नका. माझ्या बाबांना कमी ऐकू येतं. कानामागचं यंत्र लावायला लाजायचे, लोक म्हातारा म्हणतील म्हणून. आता बड्स घालतात, नातवासारखे. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२४ मध्ये एअरपॉड्स प्रो २ च्या श्रवणयंत्राच्या सोयीला मंजुरी दिली आहे, सौम्य ते मध्यम बहिरेपण असलेल्या प्रौढांसाठी. बाबांनी तुमच्या दुकानात बड्स काढले तर तुमचा भावच त्यांना ऐकू येणार नाही. काय करायचं त्यांनी?

वडगावकर: हेच म्हणायलोय मी! उद्या भाषांतरही कानातच होणार. ॲपलनं २०२५ मध्ये ते आणलं, पण सुरुवातीच्या यादीत इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज, स्पॅनिश. कन्नड-मराठी असतं तर आमच्या आजीचं सरकारी कचेरीतलं काम किती सोपं झालं असतं!

खडेबाजारवाला: ताई, तुमच्या बाबांनी खुशाल घालून यावं, मी हळू आणि स्पष्ट बोलेन. ते माझं ऐकायला बड्स घालतात. माझं भांडण आहे ते समोर उभं राहून तिसऱ्याशीच बोलणाऱ्यांशी. दुकानात पाटीच लावावी म्हणतोय.

निपाणीकर लेक: मग पाटीवर "बड्स काढा" नको. "काउंटरवर फोनवर बोलू नये" एवढंच लिहा, मराठीत आणि कन्नडमध्ये.