फिड्रिचचा हात

अमेरिकन बेसबॉलमधला पिचर (बॉल टाकणारा) मार्क फिड्रिच म्हणजे एका सीझनचा चमत्कार, नंतर डोक्यात हवा गेली आणि संपला, असं काही लोक म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. 1976 ला डेट्रॉइट टायगर्स टीमकडून आला तेव्हा पोरगा 21 वर्षांचा, 19 मॅच जिंकल्या, 2.34 ईआरए (दर नऊ इनिंग्जमागे पिचरने दिलेले सरासरी रन, कमी तितके चांगले), रुकी ऑफ द इयर म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू. पण खरा आकडा वेगळाच आहे, 29 मॅचमध्ये सुरुवातीपासून बॉल टाकायला उतरला आणि त्यातल्या 24 त्याने एकट्याने शेवटपर्यंत टाकल्या!! एका सीझनमध्ये अडीचशे इनिंग्ज (बेसबॉलच्या एका मॅचमध्ये साधारण नऊ असतात), त्या वयात. आज कुठलाही कोच असं करू देणार नाही.

पुढच्या वर्षी सीझनच्या आधीच सरावात कॅच घेताना उडी मारली आणि गुडघा गेला, त्यातून परत आला तर काही मॅचमध्येच खांदा गेला, आणि मग 1983 पर्यंत नुसतं येणं-जाणं, मायनर लीग म्हणजे खालच्या पातळीवरचे सामने, परत प्रयत्न. खांद्यातला रोटेटर कफ (सांधा धरून ठेवणारे स्नायू) फाटलाय हे नीट कळलं कधी, तर 1985 ला! तोवर खेळणं सोडून दोन वर्षं झाली होती. म्हणजे फाटक्या खांद्याने टाकत होता बिचारा, आणि लोक म्हणायचे याचं मन लागत नाही.

बॉलशी बोलायचा, गुडघ्यावर बसून माउंडची (पिचर जिथून बॉल टाकतो त्या उंचवट्याची) माती हाताने थोपटून सारखी करायचा, ते बघायला स्टेडियम भरायचं. असा माणूस डोक्यात हवा गेलेला वाटतो का तुम्हाला?