बाबांची साखर 52 वर आली आणि डबा म्हणतो "शंभर टक्के वनस्पती". काय करू?

तासगावची_लेक

नमस्कार मंडळी. लांबलंय, पण वाचा.

बाबा 69 वर्षांचे. आई आणि ते तासगावला, मी पुण्यात. अकरा वर्षांपासून मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. मार्चमध्ये मोबाईलवर त्यांना एक व्हिडिओ दिसला. भगव्या कफनीतले कुणी 'आचार्य', मागे डोंगर, पुढ्यात खलबत्ता. "गोळ्या खाऊन खाऊन किडनी सडवू नका, मधुमेह मुळासकट उपटा." खाली नंबर टाकायला चौकट होती. बाबांनी टाकला. पाच मिनिटांत फोन!

तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला एका 'डॉक्टर मॅडम'चा फोन येतो. काका, आज किती चाललात? काका, जेवण वेळेवर होतंय ना? (मी स्वतः आठवड्यातून दोनदा करते फोन. असो.) त्यांच्या पावडरीचा तीन महिन्यांचा कोर्स 8,700 रुपये, पार्सल आल्यावर रोख. सोबत तांब्याचा ग्लास फुकट आणि पथ्याचा कागद: वांगं, चिंच, दही, गहू, हरभराडाळ, गोड, सगळं बंद.

पहिल्याच महिन्यात उपाशीपोटीची साखर 190 वरून 110 वर आली. बाबा हवेत. गल्लीतल्या दोघांना नंबर देऊन मोकळे झाले. मग मॅडम म्हणाल्या, आता इंग्रजी गोळ्या निम्म्या करा. त्यांनी केल्या.

गेल्या मंगळवारी पहाटे चारला आईचा फोन. बाबा घामाने थबथबलेले, काहीतरी बरळत होते, आईला ओळखेनात. शेजारचा दादा ग्लुकोमीटर घेऊन आला. 52. साखरेचं पाणी पाजल्यावर अर्ध्या तासाने माणसात आले. आणि सकाळी मला काय म्हणाले? "बघ, किती जालीम औषध आहे. साखर उरलीच नाही अंगात."

डब्यावर उत्पादन परवान्याचा नंबर दिसत नाही, फक्त एक 14 आकडी नंबर आहे. वनस्पतीने साखर अशी कोसळते का? तक्रार कुठे करायची? आणि मुख्य म्हणजे बाबांना कसं सांगू? डॉक्टरांचं नाव काढलं की "त्यांना कंपन्या परदेशवाऱ्या घडवतात" हे उत्तर तयार असतं.

रात्रपाळी_डॉक्टर

आधी तब्येतीचं. 52 साखर आणि बरळणं, म्हणजे त्याच रात्री दवाखान्यात न्यायला हवं होतं. पुन्हा असं झालं आणि गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट न्या.

'हर्बल' पुडीत ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी जुनी, स्वस्त गोळी कुटून घातलेली सापडणं आमच्या धंद्यात नवं नाही. तुमच्या डब्यात तीच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण लक्षणं तिकडेच बोट दाखवतात. या गोळीचा अंमल दिवसभर राहतो, त्यामुळे साखरपाण्याने वर आलेली साखर काही तासांनी पुन्हा पडू शकते. बाबांची ग्लिमेपिराइड त्याच घराण्यातली. म्हणजे एक निम्मी केली आणि दुसरी, किती ते माहीत नसलेली, वरून चालू.

पावडर आजपासून बंद. गोळ्यांचा डोस मात्र तुम्ही घरी ठरवू नका, डबा घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा. क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि लिव्हरच्या तपासण्या करून घ्या.

खिळे_जुळवणारा

ताई, औषधातलं मला कळत नाही. जाहिरातीतलं कळतं, कारण ती मी छापलेली आहे.

1991 ते 2007 मी सोलापुरात एका छापखान्यात होतो. आधी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचो, मग कॉम्प्युटर आला तेव्हा श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर बसलो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि वैद्यांची पत्रकं यावर आमचं दुकान चालायचं. जानेवारीत गड्डा यात्रा भरली की तंबूवाले यायचे. एरवी स्टेशनाजवळच्या लॉजवर 'दर महिन्याच्या 5 व 20 तारखेला' बसणारे. गुलाबी कागद, एका बाजूला मराठी, मागे कन्नड किंवा तेलुगू. विडी कारखान्याच्या आणि मागांच्या पाळ्या सुटायच्या वेळी दारात पोरं उभी करून वाटायचे.

पत्रकावर जटाधारी म्हाताऱ्याचा फोटो लागायचा, 'पणजोबांपासून चालत आलेली विद्या'. आमच्याकडे तसा जस्ताचा एकच ब्लॉक होता. दोन वेगवेगळ्या वैद्यांच्या पत्रकांवर तोच पणजोबा बसला आणि दोघांनी कधी तक्रार केली नाही. खाली 'बरे झालेल्या रुग्णांचे अनुभव'. ते मी लिहायचो. मालक सांगायचा, आडनाव असं घाल की मंगळवेढ्यात दहा घरं निघतील, म्हणजे शोधायला कुणी जात नाही.

आजारांची यादीसुद्धा काही अशीतशी नसायची. मूळव्याध, दमा, संधिवात, गजकर्ण, अंगावर पित्त उठणं. सगळे असे की कधी चढतात, कधी आपोआप उतरतात. माणूस वैद्याकडे जातो तो त्रास कळसाला पोचल्यावर. पंधरा दिवसांनी पुन्हा या म्हटलं की मधल्या काळात निम्म्यांचा त्रास जरा बसलेला असतो, आणि श्रेय पुडीला. उरलेल्या निम्म्यांसाठी पथ्याचा कागद. तुमच्या बाबांना आला तसाच, पंचवीस-तीस पदार्थांचा. आमच्या गिऱ्हाइकांतला एक वैद्य मला म्हणाला होता, "बाकी काही चुकलं तरी चालेल, पथ्य नीट छाप." घरात राहून तेवढं पाळणं कुणाला जमायचं? गुण आला नाही की विचारायचं, चिंच खाल्ली होतीत का? माणूस मान खाली घालून पुढचे पैसे द्यायचा.

आता कायद्याचं. 1954 चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिरात) कायदा आहे. त्याच्या यादीत 54 आजार आहेत, मधुमेह त्यात आहे. हे आजार बरे करतो अशी जाहिरातच करायची नाही, औषध खरं असो की खोटं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुढच्याला वर्षापर्यंत. आणि जाहिरातीच्या प्रसिद्धीत भाग घेणं म्हणजे काय, त्यात कायद्याने छपाईसुद्धा धरली आहे. हे आम्हाला एका वकिलाने सांगितलं, तोही स्वतःची पत्रिका छापायला आला होता म्हणून. मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण पत्रकं बंद झाली नाहीत, भाषा बदलली. 'मधुमेह कायमचा बरा' जाऊन 'गोड लघवीच्या तक्रारीवर गुणकारी' आलं. नंतर तेही जाऊन 'निराश रुग्णांनी एकदा अवश्य भेटावे' एवढंच. आजाराचं नाव कागदावरून उठलं आणि वैद्याच्या तोंडात गेलं. तुमच्या डॉक्टर मॅडम रोज फोन का करतात? जे लिहिता येत नाही ते बोलायला.

तो 14 आकडी नंबर खाद्यपदार्थाच्या परवान्याचा, एफएसएसएआयचा. म्हणजे कागदोपत्री बाबा औषध घेतच नाहीयेत, राजगिऱ्याच्या लाडवासारखं काहीतरी खाताहेत. खऱ्या आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, उत्पादकाचा पत्ता आणि घटक असावे लागतात. खाण्याच्या वस्तूने आजार बरा होतो असं म्हणायची तर सोयच नाही. डब्याच्या मागच्या बाजूला भिंग लावून बघा. पूरक आहार म्हणून विकत असतील तर तिथे इंग्रजीत एक ओळ असायला हवी, 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. असली तर बाबांना तुम्ही काही सांगू नका. त्यांनाच वाचायला द्या.

तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात. न फोडलेला डबा असेल तर तो तसाच ठेवा. पार्सलचं वेष्टन, पैशाची पावती, व्हिडिओ मोबाईलवर साठवून, आणि मॅडमचा फोन ध्वनिमुद्रित करून.

एक राहिलंच. एक वैद्य छपाईचं बिल निम्मं रोख आणि निम्मं औषधात द्यायचा. मालकीणबाईंचे गुडघे त्या पुड्यांनी आठ दिवसांत हलके झाले, जिना चढू लागल्या. चार महिन्यांत चेहरा पुरीसारखा फुगला, हाताला नुसतं लागलं तरी काळंनिळं. दवाखान्यात सांगितलं, स्टेरॉइड आहे, आणि आता एकदम बंदही करता येणार नाही, हळूहळू उतरवावं लागेल. त्या वैद्याचा पोऱ्या लॉजच्या मागे पांढऱ्या गोळ्या खलात कुटताना मी बघितला होता, त्याच्या आधी दोन महिने. मला वाटलं डोकं दुखत असेल कुणाचं. पुढची पत्रकंसुद्धा मीच जुळवली.

मनमौजी

सरसकट झोडपू नका. गुळवेलीने माझ्या आत्याचा जुना ताप गेला. निसर्गात आहे ते अपाय करत नाही. कंपन्यांना आयुर्वेद नको आहे, म्हणून हे सगळं चालतं.

वैद्य_माणगाव

मी बीएएमएस, एकवीस वर्षं दवाखाना चालवतोय, म्हणून मनमौजींना सांगतो. धोतराही निसर्गातच उगवतो. गुळवेल मीही देतो, पण नाडी-जीभ आणि रिपोर्ट बघून, मोजून. कोविडच्या काळात लोकांनी घरोघरी पेलेच्या पेले काढा घेतला. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेतलेले सहा रुग्ण लिव्हरला इजा झालेले आढळले, त्यांनी ते 2021 मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वाद झाला. पण वाद आहे तिथे "अपाय करतच नाही" हे वाक्य बसत नाही.

2008 मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून घेतलेल्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदाच्या धातू-खनिजांच्या शाखेत, पारा शोधन-मारण (शुद्ध करून भस्म) करून वापरतात हे मला शिकवायची गरज नाही. पण डब्यावर नाव नाही, मात्रा नाही, आणि देणारा फोनवर, हे कुठल्या शास्त्रात बसतं? या लोकांमुळे माझ्याकडे येणारा प्रत्येक दुसरा पेशंट आधी विचारतो, "यात स्टेरॉइड नाही ना?" ऐकून घ्यावं लागतं.

तासगावच्या ताई, वैद्याची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. मॅडमना नोंदणी क्रमांक विचारा. बघा काय उत्तर येतं.

तासगावची_लेक

सगळ्यांचे आभार. शनिवारी तासगावला जाऊन आले.

आधी डॉक्टरांकडे. त्यांनी गोळ्या बदलून दिल्या, क्रिएटिनिन ठीक आहे, लिव्हरचे आकडे थोडे वर, महिन्याने परत बघायचे आहेत. बाबा तिथे गप्प बसून होते. मला वाटलं रागावलेत.

घरी आल्यावर डबा आणि आजीचं भिंग त्यांच्यापुढे ठेवलं. मी काहीच बोलले नाही (खिळेकाका, फार अवघड गेलं). ते बाबांनी अक्षर लावून वाचलं. नॉट. फॉर. मेडिसिनल. यूज. बारकोडच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. बाबा निवृत्त तलाठी, आयुष्यभर सातबाऱ्यावरचे शेरे वाचले त्यांनी. बराच वेळ डबा फिरवून बघत बसले. मग म्हणाले, "शेरा मारून ठेवलाय की रे यांनी."

दुसरा सीलबंद डबा त्यांनी स्वतःच कपाटातून काढून दिला. सोमवारी सांगलीला कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली. गल्लीतल्या दोघांकडे बाबा स्वतः जाऊन आले. एकाने ऐकलं. दुसरा म्हणतो, मला गुण येतोय, तुझी जळतेय.

नोंदणी क्रमांक मीच विचारला. मॅडम म्हणाल्या, सिनियर सरांना विचारून सांगते. मग आठ दिवस फोन नाही. बाबा सातला उगाच मोबाईल उलटासुलटा करून बघायचे, हे आईने सांगितलं.

काल पुन्हा आला. दुसरीच मॅडम, तसंच "काका". पुढचा कोर्स निम्म्या किमतीत. आई म्हणते, मला वाटलं आता शिव्या देतील. पण बाबा अगदी पडेल आवाजात म्हणाले, "माझ्याकडून पथ्य मोडलं हो. आता तुमचं औषध लागू पडायचं नाही." तिकडून फोन कट.

आईने विचारलं, खोटं कशाला बोललात? तर म्हणे, "खोटं कुठं? परवा वांग्याचं भरीत खाल्लं की."

तांब्याचा ग्लास तेवढा परत द्यायला तयार नाहीत.