महागडी क्रीमं आणि न हटणारे डाग : अनुभव लिहा

वांग, मुरुमं, मानेचा काळपटपणा, कोरडेपणा. यांतल्या कशासाठी तरी घसघशीत पैसे मोजून आणलेली बाटली ज्या घरात अर्धी पडून नाही, असं घर आता विरळा. काय लावलं, उपयोग का झाला नाही आणि शेवटी कारण काय निघालं, ते सविस्तर लिहा. कंपन्यांची नावं नकोत. उटण्याच्या कृतीही नकोत, त्यासाठी वेगळा धागा काढू.

कृष्णाकाठची
माझ्या पुतणीची मान. कॉलेजात जायला लागली तेव्हापासून काळवंडलेली. घरात सगळ्यांचं एकच, ‘नीट घासून अंघोळ करत नाहीस.’ मग वज्री, मग ऑनलाइन मागवलेलं स्क्रब, मग अमेरिकेतल्या मावशीने पाठवलेलं सीरम. त्या सीरमच्या किमतीत आमच्याकडे महिन्याचा किराणा येतो. मान तशीच, उलट घासून जास्तच जाड झालेली.

सांगलीच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मान बघितली, काखा बघितल्या आणि विचारलं, ‘पाळी वेळेवर येते का? घरात मधुमेह कुणाला?’ आजोबांना होता, माझ्या दिरांनाही आहे. क्रीम लिहिलंच नाही, रक्ताच्या तपासण्या लिहिल्या. त्यांनी सांगितलं ते असं: शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तात इन्सुलिन वाढतं, त्याने मानेच्या, काखेच्या त्वचेतल्या पेशी भराभर वाढतात आणि त्वचा जाड, मखमलीसारखी, काळी दिसते. तो मळ नसतोच, मग घासून निघणार काय? पीसीओडी निघालं, म्हणजे बीजांडकोशाचा, पाळी अनियमित करणारा विकार. चालणं, खाण्यातले बदल आणि वजन उतरणं यांनी मान हळूहळू उजळत गेली, अजून पूर्ण नाही. वाईट एवढंच वाटतं, की इतकी वर्षं पोरीने ‘अस्वच्छ’ म्हणून ऐकून घेतलं.

सांजवात
आईच्या कपाळावर बरोबर टिकलीच्या जागी पांढुरका गोल उमटला. आत्याबाईंनी ‘कोड’ म्हणून जाहीरही करून टाकलं. डाग घालवणारं महागडं मलम आलं. रात्री मलम, सकाळी त्याच जागी टिकली! काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं, ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशींनाच मारतं. डॉक्टरांनी आधी टिकली बंद केली, मग औषध दिलं. रंग बराचसा परत आला, ठिपक्याठिपक्यांनी.

बाटलीमागचा माणूस
सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात फॉर्म्युलेशनचं काम करायचो, म्हणून थोडं आतलं. त्वचेचा सगळ्यात वरचा थर केसाहून पातळ, पण पहारा कडक. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) मोठा रेणू त्यातून सहसा आत जात नाही. क्रीममधल्या कोलॅजेनचा, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणाऱ्या प्रथिनाचा, रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा! तो वरच बसतो, ओलावा धरतो, हाताला मऊ लागतं, बस्स. व्हिटॅमिन सी सीरम हवेने आणि उजेडाने बिघडतं. तपकिरी झालं की किंमत काही का असेना, गेलं. आणि डब्यावरची भाषा नीट वाचा. ‘डाग जातात’ असं सहसा नसतं, ‘डाग कमी दिसतात’ असं असतं. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार आजार बरा करणारं ते औषध, नुसतं रूप खुलवणारं ते सौंदर्यप्रसाधन.

तळकोकणी
चुलतबहिणीला लग्नाआधी पार्लरमधून बिनलेबलची डबी मिळाली, ‘इम्पोर्टेड’ म्हणून भाव दणदणीत. आठवड्यात चेहरा चकाकला. लग्न झालं, लावणं थांबलं आणि चेहरा लालबुंद, आग, बारीक पुळ्या. डॉक्टरांनी इतिहास ऐकूनच सांगितलं, स्टेरॉइड. २०१८ मध्ये स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम झाला, पण बिनलेबलच्या डबीला चिठ्ठी कोण मागणार? केरळात मलप्पुरमला २०२३ मध्ये गोरं करणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्यामुळे मूत्रपिंडं बिघडलेले रुग्ण सापडले होते. त्यामानाने आमची बहीण स्वस्तात सुटली.

चिंगी
मुलाच्या कपाळावर पुळ्या. तीन प्रकारचे फेसवॉश झाले. कारण : रात्री चोपडलेलं खोबरेल. डोक्याला तेल बंद, पुळ्या ओसरल्या. सासूबाई अजून रुसलेल्या आहेत.

माहेरवाशीण
थोडा वेगळा सूर लावते. मला महाग सनस्क्रीननेच फरक पडला, पण भरपूर लावायला लागल्यावर. पूर्वी महाग म्हणून वाटाण्याएवढं पुरवून पुरवून लावायचे. एसपीएफचा, म्हणजे सनस्क्रीन उन्हापासून किती वाचवतं त्याचा, आकडा ठरवताना दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम इतका थर देतात, आपण बहुतेक जण त्याच्या निम्माही देत नाही. शिवाय वांग डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडानेही वाढतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन डॉक्टरांनी सांगितलं. आता तसलंच मध्यम किमतीचं आणते आणि हात सैल सोडून लावते.

कृष्णाकाठची
@बाटलीमागचा माणूस, मग नुसत्या कोरड्या त्वचेला काय घ्यावं?

बाटलीमागचा माणूस
बिनवासाची साधी पेट्रोलियम जेली, अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच. त्वचेतलं पाणी उडू न देण्यात तिची बरोबरी करणारं फारसं काही नाही. चेहऱ्यावर मुरुमं असतील तर तिथे चिकट थर नको. आणि एवढं करूनही कोरडेपणा हटत नसेल, सोबत थकवा, वजन वाढणं असेल, तर थायरॉइड तपासून घ्या.