फाईव्ह जी टॉवर सुरू झाला अन् केबलचे चॅनेल फुटून राहिले, फिल्टर लावू का छत्री हलवू?

आर्णीचा_केबलवाला:
राम राम मंडळी. आपला कंट्रोल रूम यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात, आजूबाजूची खेडी जोडलेली. छत्र्या सगळ्या सी-बँडच्या, म्हणजे ४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या, मोठ्या, स्लॅबवर. जिनिंगपाशी जो टॉवर हाय त्याच्यावर फाईव्ह जी चढलं तवापासून ८३ डिग्री पूर्वेच्या सॅटेलाइटकडं लावलेल्या छत्रीवरचे चॅनेल चौकोन-चौकोन होतात, मंग आवाज जाते, मंग काळं. रिसिव्हरवर सिग्नल लेव्हल पह्यलेपेक्षा जास्त दाखवते अन् क्वालिटी मात्र खाली. एलएनबी (छत्रीच्या तोंडापाशी सिग्नल पकडणारा डबा) बदलला, वायर बदलली, अलाइनमेंट केलं, फरक शून्य. अन् समोरच्या घरावरची फ्री डिशची टिकली एवढी छत्री झकास चालून राहिली, तो मले हासते. टॉवरवाल्या पोराले विचारलं त म्हणे आमची फ्रिक्वेन्सी सरकारनं लिलावात देली, तुमची वेगळी. वेगळी हाय त मंग मार आमाले कायचा बसून राहिला?

पुसदचा_पप्पू:
सन आउटेज असल भाऊ, मार्च अन् ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य सॅटेलाइटच्या पाठीमागं येते तवा असंच होते.

आर्णीचा_केबलवाला:
नाही ना भाऊ, ते रोजचे थोडे मिनिटं असते. हे दिवसरात्र चालू हाय, संध्याकाळी लोकं मोबाईल घेऊन बसले का जास्तच.

हेडएंड_नागपूर:
लेव्हल वर अन् क्वालिटी खाली, इथंच उत्तर आलं भाऊ. टॉवरवाला खोटं बोलून नाही राहिला. त्यायचं फाईव्ह जी ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झमधे, आपले चॅनेल ३७०० ते ४२०० मधे, मधात ३० मेगाहर्ट्झ मोकळे. कागदावर सगळं बरोबर. पण साधा एलएनबी ३४०० पासूनच सगळं आत घेते, त्याच्या खालचंही बरंच शिरते. अन् सॅटेलाइट ३६ हजार किलोमीटर दूर, टॉवर हाकेच्या अंतरावर, म्हणजे यात्रेतल्या भोंग्याखाली उभं राहून कोणाचं कुजबुजणं ऐकायचं. छत्रीचं तोंड जवळपास आभाळाकडं हाय, आपल्याकडून ८३ डिग्रीचा सॅटेलाइट जमिनीपासून पासष्टेक अंश वर पडते, तरी टॉवरचं जे आडबाजूनं घुसते तेच सॅटेलाइटपेक्षा कितीतरी पट भारी. एलएनबीतला पहिला अॅम्प्लिफायर त्यानंच भरून जाते अन् मंग आपले चॅनेल साफ निघत नाहीत. तुमचा रिसिव्हर त्या फालतू ताकदीलेच लेव्हल समजून दाखवून राहिला.

फ्री डिश केयू बँडवर हाय, ११-१२ गिगाहर्ट्झ, त्याले या टॉवरचं घेणंदेणं नाही. हासू द्या त्याले.

खात्री करायची असल त स्पेक्ट्रम दाखवणारा मीटर एलएनबीच्या वायरवर लावा. एलएनबीचा एलओ, म्हणजे त्याच्या आतली ठरलेली फ्रिक्वेन्सी, ५१५०, त्यातून येणारी फ्रिक्वेन्सी वजा होते, म्हणून आपले चॅनेल ९५० ते १४५० मधे दिसतात. १४८० ते १८५० च्या मधात मोठं ढेपूळ दिसलं का समजा तो टॉवर. मीटर नसल त फाईव्ह जी मोबाईलवर नेटवर्क दाखवणारं अॅप टाका. बँड एन७८ (हाच ३३०० च्या वरचा) आला त हाच प्रॉब्लेम. एन२८ आला त ते ७०० मेगाहर्ट्झचं हाय, त्याच्यानं हे होत नाही, मंग वेगळं काही शोधा.

इलाज: ३७०० ते ४२०० चा बँडपास फिल्टर, म्हणजे तेवढंच आत सोडणारा, पण तो फीडहॉर्न (एलएनबीच्या पुढचं भोंग्यासारखं तोंड) अन् एलएनबीच्या मधातच बसला पायजे. बाजारात वायरीत घालायचे स्वस्त फिल्टर कोणी गळ्यात मारल त घेऊ नका, एलएनबी आधीच भरून गेल्यावर पुढं गाळून काय फायदा.

बाभुळगावचा_गण्या:
मले एक सांगा, आता पोट्टे ऑनलाइन क्लास करून राहिले, फॉर्म भराले तालुक्याले जावं लागत नाही. तुमच्या सिरियलीसाठी टॉवर बंद करा म्हणसान त गाव तुमच्याच कंट्रोल रूमवर येईन.

हेडएंड_नागपूर:
बंद करा कोण म्हणते गण्याभाऊ, दोन्ही चालतात. पण पैसे कोणाच्या खिशातून जातात ते पहा ना.

अमरावती_आरएफ:
तोच मुद्दा आहे. २०२२ च्या लिलावात सरकारला सगळ्या बँडचे मिळून दीड लाख कोटींच्या वर मिळाले, आणि केबलवाल्याने फिल्टर स्वतःच्या पैशाने घ्यायचा. अमेरिकेत ३७०० ते ३९८० चा तुकडा मोबाईलला दिला तेव्हा बोली ८१ अब्ज डॉलरपर्यंत गेली, आणि सॅटेलाइटवाल्यांना हलवायचा, नोंदणी असलेल्या डिशवर फिल्टर बसवायचा खर्च लिलाव जिंकणाऱ्या कंपन्यांनी वेगळा भरला. नोंदणी नसलेल्यांना मात्र तिथेही काही मिळालं नाही.

आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीचा त्रास होऊ शकतो हे आपल्याकडे मान्य नाही असंही नाही. विमानाचा रेडिओ अल्टिमीटर, म्हणजे जमिनीपासूनची उंची मोजणारं यंत्र, ४२०० ते ४४०० वर चालतो, म्हणजे फाईव्ह जीपासून आपल्या चॅनेलपेक्षा कितीतरी लांब, तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने नागपूरसह पाच विमानतळांच्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांना २.१ किलोमीटरपर्यंत या बँडचे टॉवर लावू नका असं कंपन्यांना कळवलं. विमानासाठी अंतर ठरतं, कंट्रोल रूमच्या छत्रीसाठी कोणी विचारत नाही. तक्रार करून ठेवा, पण टॉवर स्वतःच्या बँडमध्येच असेल तर लवकर काही हलेल असं वाटत नाही.

आर्णीचा_केबलवाला:
एन७८ च आला राजेहो. माया एलएनबी फीडहॉर्नसकट एकाच तुकड्यात हाय, फिल्टर मधात घालाले जागाच नाही.

हेडएंड_नागपूर:
मंग फिल्टरवाला एलएनबीच घ्या, ३७०० पासून सुरू होणारा, फाईव्ह जी फिल्टर आतच असते. फ्लँजवाला, म्हणजे नटबोल्टनं जोडायचा, सेट घेतला त फीडहॉर्न वेगळा घ्यावा लागते, महाग पडते पण पुढं बदलाले सोपं. अन् टॉवर एकाच बाजूले हाय त छत्री स्लॅबवरून उतरवून गोडाऊनच्या भिंतीआड घ्या, तोंड वरतं हाय त भिंत आड नाही येत, टॉवर मात्र झाकला जाते. मी त पह्यले हेच करून पाहीन, फुकटात होते. फ्लँज घेतला त मधातलं रबर गॅस्केट विसरू नका, नाही त पह्यल्याच पावसात पाणी शिरते अन् तुम्ही पुन्हा टॉवरले शिव्या देसान.