टाळी वाजवली म्हणून मैफिलीला यायचं नाही?

ठाणेकर_लंडनात: काल एकाने लिहिलं, 'दोन मूव्हमेंटच्या (रचनेच्या भागांच्या) मध्ये टाळ्या वाजवणाऱ्यांनी मैफिलीला येऊच नये.' डोकं फिरलं माझं. रविवारी दुपारी ३ वाजता इथल्या चर्चमध्ये शुबर्टचं 'ट्राउट' क्विंटेट होतं (पियानो, व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बास), आईला घेऊन गेलेलो. चौथ्या भागात त्याच्याच 'ट्राउट' गाण्यावरची व्हेरिएशन्स, म्हणजे तीच धून वेगवेगळ्या रूपांत, आहेत ना, त्यातल्या शेवटच्यात मूळ गाण्यातली ती पाण्याची खळखळ पियानोवर आली, आईचा चेहरा नुसता खुलला, भाग संपल्यावर तिने टाळी वाजवली. पुढचा माणूस असा काही वळून बघायला लागला की तिने हात शालीत घेतले ते शेवटी सगळे उभे राहिले तरी बाहेर काढले नाहीत. मोझार्टचं १७७८चं पॅरिसचं पत्र वाचा, अलेग्रोच्या, म्हणजे जलद भागाच्या, मधेच लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून खूश झालेला तो!

शांतता_हवी: ते वाक्य माझंच, मागे घेणार नाही. मोझार्टची ती अख्ख्या वाद्यवृंदाची सिम्फनी होती, इथे पाचच माणसं वाजवतायत. भाग संपल्यावर चेलोवाल्याचा गज हवेत असतो, ती शांतता पण संगीतच आहे. आपल्याकडे आलापीत टाळ्या वाजवतं का कोणी?

पेटीवाला: आलापीत 'क्या बात है' म्हणतातच की. टाळी सोडा, खरा त्रास पियानोचा. झाकण पूर्ण उघडं, व्हायोला (व्हायोलिनची जरा मोठी, खालच्या सुराची बहीण) ऐकूच येत नाही. शुबर्टच्या वेळचे पियानो लाकडी चौकटीचे, हलके, आताच्या लोखंडी फ्रेमच्या ग्रँड पियानोपुढे तंतुवाद्यं काय टिकणार? वर टेम्पर्ड ट्यूनिंग, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग, त्यात गंधार चढाच.

व्हायोलावाली: पेटीवाले, याच टेम्पर्ड स्वरांवरून १९४०मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटी बंद केली होती, विसरलात? मी १० वर्षं व्हायोला वाजवतेय, पियानो असला की आम्ही बोट किंचित सरकवून जुळवून घेतो. झाकण बंद केलं की आवाज गढूळ होतो, दोष वाजवणाऱ्याच्या हाताचा. आणि 'ट्राउट'मध्ये पियानोचे दोन्ही हात बऱ्याचदा वरच्या सप्तकांत एकच धून वाजवतात, खालची बाजू डबल बासकडे, उगाच नाही दुसऱ्या व्हायोलिनऐवजी बास घेतला त्याने.

पेटीवाला: माझी पेटी गंधार ट्यूनिंगची आहे, टेम्पर्ड नाही, न ऐकता बोलू नका! बासचं मात्र पटलं.

ठाणेकर_लंडनात: अहो, विषय माझ्या आईचा होता.

शांतता_हवी: बरं, वळून बघणं चूकच. शेवटच्या भागात शुबर्ट मध्यावरच संपल्यासारखा थांबतो, तिथे मीही एकदा टाळी वाजवून बसलोय. तरी त्यांना सांगा, दाद मान हलवून द्या.

ठाणेकर_लंडनात: मान ती पहिल्या सुरापासून हलवत होती. टाळी वाजवू नको हे मी तिला सांगणार नाही.